शेवटच्या इच्छेची नोंद

ह्या लेखाचा विषय कित्येक वाचकांस अमंगल वाटेल, ह्याची आम्हांस जाणीव आहे. आपल्या घरांतून तिन्हीसांजेस मृत्यूचें नांव काढीत नाहींत. पंक्तींत कोणीं तें काढलेंच, तर वडील मंडळी "आधीं जेवा" म्हणून विषय पालटतात. असें असूनही सोळा संस्कारांतील शेवटचा संस्कार अंत्येष्टीचा आहे, आणि त्याची सामग्री, त्याचे दिवस व त्याचा अधिकारी हें सर्व आपल्या पूर्वजांनीं आधींच ठरवून ठेविलें आहे. मृत्यूनंतरच्या तेरा दिवसांची इतकी तजवीज असतां मृत्यूपूर्वींच्या तेरा दिवसांची मात्र कोणीच तजवीज करीत नाहीं. पूर्वीं तिची गरजही फारशी नव्हती. वैद्यानें मान हालविली कीं घरचे लोक तुळशीपत्र व गंगोदक जवळ आणून ठेवीत, आणि पुढें जें व्हावयाचें तें लौकरच होई. आतां तसें राहिलें नाहीं. सुटूं पाहणारा श्वास यंत्र धरून ठेवूं शकतें, आणि तो किती दिवस धरावा हा प्रश्न आप्तांपुढें येऊन पडतो. ज्याचा तो श्वास, तो मनुष्य त्या वेळीं बोलूं शकत नाहीं.

हा प्रश्न आमच्या घरीं आला तो कांहीं वर्षांपूर्वीं, ऐन गणपतीच्या दिवसांत. आमचे वडील बंधु, ज्यांस घरांत लहानथोर सर्वच अण्णा म्हणत, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं पहांटे न्हाणीघरांत कोसळले. मेंदूंत रक्तस्राव झाला होता. त्यांस शहरांतील एका मोठ्या रुग्णालयांत नेलें. दारांतच एका मुलीनें त्यांचा नोंदणी-क्रमांक संगणकांत घातला, आणि पाहतां पाहतां अण्णांचा सारा वैद्यकीय इतिहास पडद्यावर उभा राहिला. चार वर्षांपूर्वींची रक्तांतील साखर, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख, कोणत्या औषधानें त्यांच्या अंगावर पित्त उठतें तें, सर्व कांहीं तेथें होतें. आमच्या पिढीच्या माणसास त्याचें कौतुक वाटावें, आणि आम्हांस तें वाटलेंही.

तिसऱ्या दिवशीं डॉक्टरांनीं आम्हां सर्वांस एका खोलींत बोलाविलें. शुद्धि परत येण्याची आशा जवळजवळ उरली नाहीं, श्वास यंत्रावर चालला आहे, आतां मूत्रपिंडेंही थकलीं आहेत, तेव्हां डायलिसिस सुरू करावयाचें काय, असें त्यांनीं विचारलें. मग क्षणभर थांबून ते म्हणाले, "ह्यांची स्वतःची इच्छा काय होती, तें आपणांपैकीं कोणास ठाऊक आहे काय?"

ठाऊक सर्वांस होतें, पण प्रत्येकास निराळें. ओटीवर सुपारी कातरतांना अण्णा आम्हांस अनेकदां म्हणाले होते, "मला नळ्या लावून निजवूं नका रे." आमच्या मातुश्रींच्या आजारांत त्यांनीं थोरल्या पुतण्यास "आशा आहे तोंवर उपाय सोडूं नये" असें बजावलें होतें, आणि तें त्याच्या मनांत घट्ट बसलेलें. धाकटा पुतण्या अमेरिकेंत. तो फोनवर रडत म्हणाला, "काका, मी पोहोंचेपर्यंत कांहींही बंद करूं नका." पोहोंचल्यावर त्याचाही धीर होईना. एकवाक्यता झाली नाहीं. एकोणीस दिवस अण्णा त्या खोलींत होते. हातास सूज येऊन बोटांतली अंगठी कापून काढावी लागली, एवढेंच त्या दिवसांविषयीं सांगतों. शेवटीं त्यांच्या हृदयानेंच आमच्या वादाचा निकाल लावला.

तेराव्यानंतर वहिनींनीं अण्णांची विष्णुसहस्रनामाची पोथी आणून आम्हांपुढें ठेविली. तींत एक घडी केलेला कागद होता. अण्णांच्या वळणदार अक्षरांत सात ओळी: शुद्धि कायमची गेली तर श्वासयंत्र नको, डायलिसिस नको, घरीं न्यावें, आणि मुलांनीं ह्याचा दोष एकमेकांस देऊं नये. खालीं सही व पांच वर्षांपूर्वींची तारीख. साक्षीदार कोणी नाहीं. आम्ही विचारलें, "वहिनी, हा कागद आहे हें तुम्हांस ठाऊक होतें?" त्या म्हणाल्या, "कागद आहे हें ठाऊक होतें. त्यांत काय आहे तें त्यांनीं सांगितलें नाहीं, आणि तिकडे मला कोणीं विचारलें नाहीं." हें खरें होतें. एकोणीस दिवस आम्ही पुरुषमंडळींनीं चर्चा केल्या. ज्या बाईनें त्यांच्याबरोबर पन्नास वर्षें संसार केला, तिला एक प्रश्न विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. धाकटा पुतण्या तो कागद हातांत धरून बराच वेळ बसून राहिला.

अण्णांच्या अंगावरचें पित्त संगणकांत सांपडलें आणि त्यांची इच्छा पोथींत राहिली, हें शल्य आमच्या मनांतून गेलें नाहीं. म्हणून ह्या विषयाचा जमेल तितका अभ्यास आम्ही केला. तोच येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम कायद्याची हकीकत सांगितली पाहिजे, कारण ह्याविषयीं सुशिक्षित घरांतूनही मोठें अज्ञान आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग ह्यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं झालेला अत्याचार जुन्या वाचकांस आठवत असेल. त्या आघातानें त्यांचा मेंदु निकामी झाला, आणि त्याच रुग्णालयांत तेथील परिचारिकांनीं सुमारें बेचाळीस वर्षें त्यांची शुश्रूषा केली. १८ मे २०१५ रोजीं त्या वारल्या. त्यांना ह्या अवस्थेंतून सोडवावें, असा अर्ज पत्रकार पिंकी विराणी ह्यांनीं सर्वोच्च न्यायालयांत केला होता. ७ मार्च २०११ रोजीं न्यायालयानें तो नाकारला. शुश्रूषा करणाऱ्यांचीच त्यांना जगवीत राहण्याची इच्छा आहे, हें त्या निर्णयांत महत्त्वाचें ठरलें. परंतु त्याच निकालांत, आशा न उरलेल्या रोग्याचे केवळ प्राण धरून ठेवणारे उपचार उच्च न्यायालयाच्या संमतीनें थांबवितां येतील, असें तत्त्व प्रथमच मान्य झालें.

पुढें ९ मार्च २०१८ रोजीं 'कॉमन कॉज' ह्या संस्थेच्या दाव्यांत पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें निर्णय दिला कीं, प्रतिष्ठेनें मरण येणें हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, आणि सज्ञान व विचारशक्ति शाबूत असलेल्या कोणाही मनुष्यास आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवतां येईल. ह्यास इंग्रजींत 'लिव्हिंग विल' म्हणतात. आपल्या वृत्तपत्रांतून ह्यास 'इच्छामरणाचें पत्र' म्हणण्याची चाल पडली आहे, ती आम्हांस घातुक वाटते. इच्छामरण हा भीष्माचार्यांस मिळालेला वर होता. येथें मरण मागावयाचें नसून, मरण दाराशीं आल्यावर कोणते उपचार नकोत एवढेंच सांगावयाचें असतें. विषाची सुई टोंचून प्राण घेणें हा कालही गुन्हा होता व आजही आहे. म्हणून आम्ही ह्या कागदास 'वैद्यकीय इच्छापत्र' म्हणतों. मृत्युपत्र आपण गेल्यावर बोलूं लागतें. हें पत्र आपण असतांना, परंतु आपली वाचा गेलेली असतांना, आपल्या वतीनें बोलतें.

२०१८ च्या निकालानें घातलेल्या अटी मात्र इतक्या जाचक होत्या कीं, हक्क असून त्याचा उपयोग नव्हता. न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जाऊन त्याची प्रतिस्वाक्षरी घ्यावी लागे. अतिदक्षता विभागांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेनेंच ह्या अडचणी न्यायालयापुढें मांडल्या, आणि २४ जानेवारी २०२३ रोजीं त्या अटी सोप्या करण्यांत आल्या. आतां दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याचें साक्षांकन घेतलें कीं पुरें. आपल्या वतीनें संमति देणाऱ्या एक वा अधिक विश्वासू व्यक्तींचीं नांवें त्यांत लिहावयाचीं. एक प्रत त्यांच्याजवळ, एक घरच्या डॉक्टरांजवळ, आणि एक नगरपालिका, महानगरपालिका किंवा पंचायत ह्यांनीं नेमलेल्या अभिरक्षकाजवळ द्यावयाची. आणि ज्या वाक्यासाठीं आम्ही हा सर्व प्रपंच लिहीत आहों, तें हें कीं, इच्छा असल्यास हें पत्र आपल्या डिजिटल आरोग्य-नोंदींत समाविष्ट करतां येईल. वेळ आल्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरानेंही त्या नोंदींवरून किंवा अभिरक्षकाकडून पत्राचा खरेपणा पडताळून घ्यावयाचा आहे.

ह्या वाक्याचें मोल अण्णांच्या खोलीबाहेर बसलेल्यांसच कळेल. लिहिणें हें अर्धेंच काम. उरलेलें अर्धें काम, तो कागद योग्य रात्रीं योग्य माणसाच्या डोळ्यांपुढें येणें, हें आहे. अमेरिकेंत विस्कॉन्सिन संस्थानांतील ला क्रॉस ह्या गांवीं १९९१ पासून तेथील रुग्णालयांनीं वृद्धांशीं ह्याविषयीं बोलण्याची व त्यांचीं पत्रें रोग्याच्या दप्तरांत लावण्याची शिस्त पाडली. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, तेथें मरण पावलेल्या ५४० माणसांपैकीं शेंकडा ८५ जणांनीं इच्छापत्र लिहिलेलें आढळलें, आणि त्या पत्रांपैकीं शेंकडा ९५ पत्रें वैद्यकीय दप्तरांत जागच्या जागीं होतीं. आम्हांस पहिल्यापेक्षां हा दुसरा आंकडा अधिक बोलका वाटतो. ओरेगन संस्थानानें २००९ पासून अशा वैद्यकीय आदेशांची एक मध्यवर्ती नोंदवहीच ठेविली आहे. रोग्याकडे धांवणाऱ्या पथकास अपरात्रींही तेथें विचारतां येतें.

आपल्याकडे 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' २७ सप्टेंबर २०२१ रोजीं देशभर सुरू झालें. तींत ज्यास हवा त्यास 'आभा' नांवाचा चौदा आंकडी क्रमांक मिळतो. रुग्णालयें व प्रयोगशाळा ह्यांच्याकडील आपल्या नोंदी ह्या क्रमांकास जोडतां येतात, आणि आपल्या संमतीनेंच त्या दुसऱ्या डॉक्टरास दिसतात. आपल्याजवळचे जुने कागदही त्यांचें चित्र घेऊन तेथें ठेवतां येतात. परंतु ह्या व्यवस्थेंतील एक उणीव वाचकांनीं लक्षांत घ्यावी. संमति द्यावयाची ती बहुधा आपल्या फोनवरून, आणि बेशुद्ध माणसाच्या खिशांतला बंद फोन संमति कशी देणार? शिवाय प्रत्येक रुग्णालयाचें संगणकीय दप्तर निराळें. एकांतलें दुसऱ्यांत आपोआप जातेंच असें नाहीं. ह्यास्तव केवळ 'आभा'वर भरंवसा ठेवून राहूं नये. ज्या रुग्णालयांत आपलें नेहमीचें जाणें-येणें आहे, तेथील दप्तरांतही इच्छापत्राची प्रत चढवावयास सांगावें, आणि ती नोंद पहिल्या पानावर, जेथें औषधाचें वावडें लिहितात तेथेंच, दिसेल अशी ठेवतां येईल काय हें विचारावें. इच्छापत्र बदललें तर जुनी प्रत काढून टाकावी. दोन पत्रें निघाल्यास शेवटच्या तारखेचें ग्राह्य धरतात हें खरें, पण आणीबाणीच्या वेळीं तारखा ताडून पाहण्याची सवड कोणास असते?

गोवा व महाराष्ट्र ह्या बाबतींत मागें राहिले नाहींत, हें समाधानाचें आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हांचे न्यायमूर्ति महेश सोनक ह्यांनीं २०२४ च्या मे महिन्यांत स्वतःचें इच्छापत्र नोंदवून गोव्यांत पायंडा पाडला. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार ह्यांनीं स्वतःचें पत्र तर केलेंच, पण तें स्वीकारण्यास अभिरक्षक नेमलेले नाहींत म्हणून उच्च न्यायालयाचें दारही ठोठावलें, आणि त्यानंतर महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं अभिरक्षक नेमले गेले.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, लोभी आप्त ह्या कागदाचा गैरवापर करतील. ही भीति निराधार नाहीं, म्हणूनच न्यायालयानें एकट्या नातलगाच्या हातीं कांहींच ठेविलेलें नाहीं. उपचार करणारा डॉक्टर व किमान पांच वर्षांच्या अनुभवाचे दोन तज्ज्ञ ह्यांचें एक मंडळ प्रथम निर्णय देतें. त्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानें नेमलेला डॉक्टर व आणखी दोन निराळे तज्ज्ञ ह्यांचें दुसरें मंडळ तो तपासतें. प्रत्येकानें शक्यतों अठ्ठेचाळीस तासांत मत द्यावयाचें आहे. उपचार थांबविण्यापूर्वीं न्यायदंडाधिकाऱ्यास कळवावें लागतें. इच्छापत्र नसल्यास हीच दोन मंडळें आप्तांच्या संमतीनें पुढें जातात. पण आप्तांतच फाटाफूट असेल तर काय होतें, हें वर सांगितलेंच आहे.

दुसरा आक्षेप, हा आत्मघात होय असा. विनोबांनीं १९८२ च्या नोव्हेंबरांत पवनार येथें अन्न व औषध नाकारून देह ठेविला, तेव्हांही हा वाद झाला होता. पण येथील प्रश्न त्याहूनही साधा आहे. महाभारतांतील शरपंजरीं पडलेल्या भीष्मांची कथा वाचकांनीं पुन्हां एकदां नीट वाचावी. दुर्योधनानें बाण काढण्यांत निपुण असे शल्यवैद्य आणले, तेव्हां पितामहांनीं त्यांचा सत्कार करवून त्यांना परत पाठविलें. परंतु लोंबणाऱ्या मस्तकास आधार म्हणून उशी त्यांनीं मागितली, आणि तहान लागली तेव्हां पाणीही मागितलें. दोन्ही अर्जुनानें दिलीं. शस्त्रवैद्य नको, पण उशी व पाणी हवें, हा भेद आजचें वेदनाशामक वैद्यकही करतें. उपचार थांबवणें म्हणजे रोग्यास टाकून देणें नव्हे. वेदना शमविणें, तोंड ओलें ठेवणें, कूस बदलणें, जवळ बसणें हें सर्व शेवटच्या क्षणापर्यंत चालूच राहतें. भीष्मांस एकच अनुकूलता होती कीं, त्यांची वाचा शेवटपर्यंत होती. आपली राहीलच असें नाहीं.

तिसरा आक्षेप, उद्यां मन बदललें तर? तर पत्र बदलावें किंवा रद्द करावें; शुद्धीवर असेपर्यंत केव्हांही तसें लेखी करण्याचा अधिकार आहे. आणि रोगी स्वतः बोलूं शकत असेल, तर त्याचें बोलणें हेंच प्रमाण.

लिहितांना मात्र एक सावधगिरी बाळगावी. "मला यंत्र लावूं नये" असें मोघम लिहिणें धोक्याचें आहे. आमच्या परिचयाच्या एका डॉक्टरांनीं समजावून सांगितलें कीं, फुप्फुसदाहांत ज्या श्वासयंत्रावर चार दिवस काढून मनुष्य चालत घरीं जातो, तेंच यंत्र मेंदु निकामी झालेल्यास निव्वळ बेडी ठरतें. यंत्र तेंच, प्रसंग निराळा. म्हणून आधीं अवस्था लिहावी व मग उपचार. शुद्धि परत येण्याची आशा नाहीं असें तज्ज्ञांनीं सांगितलें तर काय नको, आणि आशा असेल तर काय हवें, हें वेगवेगळें लिहावें. नळीनें अन्न, डायलिसिस, हृदय बंद पडल्यास छाती दाबणें, ह्या प्रत्येकाविषयीं स्वतंत्र वाक्य असावें. पत्र संदिग्ध असेल तर तें नसल्यासारखेंच धरलें जातें. घरच्या डॉक्टरांजवळ अर्धा तास बसून हें केलें, तर पुढचे किती तरी दिवस वांचतात.

आम्ही गेल्या दिवाळींत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं, सर्व मंडळी माजघरांत असतां आमचा मसुदा वाचून दाखविला. प्रारंभीं कोणी बोलेना. धाकटी सून उठून आंत गेली, ती थोड्या वेळानें परत आली. थोरल्या मुलानें दोन प्रश्न विचारले, तेही मान खालीं घालून. मग आमची पत्नी म्हणाली, "आपलें झालें. आतां माझें लिहून घ्या." आमची समजूत अशी कीं, चाळीस वर्षांच्या सहवासानंतर तिची इच्छा आमच्यासारखीच असणार. ती तशी नव्हती. ती म्हणाली, "मुलगी बेंगळुरूहून येईपर्यंत काय लावायचें तें लावा. तिनें माझा हात हातांत घेतला कीं मग सोडा." आम्ही तिच्या वतीनें बोललों असतों तर चुकलों असतों. वहिनींचा कसा निकाल लागला तो तर आम्हांस ठाऊकच होता. ह्या वेळीं त्यांस प्रथम विचारलें. त्यांनीं आपलें पत्र स्वतःच्या हातानें लिहिलें, आणि संमति देणाऱ्या व्यक्ति म्हणून धाकटा मुलगा व थोरली सून अशीं दोन नांवें घातलीं. धाकटा पुतण्या अमेरिकेंतून फोनवर ऐकत होता. "आई, मी येईन, आणि तूं लिहिलेंस तसेंच करीन," असें तो म्हणाला.

कार्तिकांत नोटरीकडे जाऊन तिन्ही पत्रें पुरीं केलीं. साक्षीदार म्हणून आमचे दोन जुने विद्यार्थी आले. एक प्रत नगरपालिकेंत दिली, एक घरच्या डॉक्टरांस, आणि सुनेनें तिन्हींचीं चित्रें घेऊन ज्याच्या त्याच्या 'आभा'च्या नोंदींत व रुग्णालयाच्या दप्तरांत चढविलीं. मूळ कागद कोठें ठेवावा, असें तिनें वहिनींस विचारलें. वहिनींनीं तो विष्णुसहस्रनामाच्या पोथींत, अण्णांच्या कागदाशेजारीं ठेविला, आणि पोथी कोठें आहे हें घरांतील प्रत्येकास, नातवंडांससुद्धां, बोलावून दाखविलें.

वाचकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, पुढच्या सणास मंडळी एकत्र जमतील तेव्हां हा प्रश्न काढावा. घरांतील सर्वांत वृद्ध बाईस तो प्रथम विचारावा, आणि तिचें उत्तर तिच्याच शब्दांत लिहून घ्यावें.